हंगामामागून चालत गेलेली संस्था

१९२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर आणि मेरीलँड या राज्यांत, टोमॅटो-वाटाण्याच्या पट्ट्यात, प्रॉटेस्टंट चर्चच्या महिलांनी काही पाळणाघरे उघडली. नॅशनल फार्म वर्कर मिनिस्ट्री या आजच्या संस्थेचा इतिहास तिथून मोजला जातो. त्या वेळी हे नाव नव्हते आणि मजुरांची संघटना वगैरे विचार कुणाच्या मनातही नव्हता. आईबाप शेतात आणि डबाबंदीच्या कारखान्यात राबत असताना मुलांना सांभाळायचे कुणी, एवढाच प्रश्न होता. ज्यांना तो पडला त्यांनी आपल्या परीने त्याचे उत्तर दिले.

मुले होती पोलिश आणि इटालियन कुटुंबांची. खेडी सोडून बोटीने आलेली ही माणसे बाल्टिमोर, फिलाडेल्फियासारख्या शहरांत स्थिरावली होती असे म्हणायचे, पण वर्षातले काही महिने त्यांचा संसार रानातच असे. आधी स्ट्रॉबेरीची तोडणी, मग वाटाणा आणि घेवडा, उन्हाळा उतरताना टोमॅटो, आणि त्याला लागूनच डबे भरण्याचे काम. कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमामार्फत ठरत. राहायला फळ्यांची लांबट खोपटी, मजुरी टोपलीवर. छायाचित्रकार लुइस हाइन यांनी १९०९-१० मध्ये नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी याच भागात फिरून फोटो काढले होते. त्यांत फळांनी भरलेले ट्रे वाहणारी आणि शेंगा सोलत बसलेली लहान लहान मुले दिसतात. पाळणाघरे उघडण्याच्या दहा वर्षे आधीपासून हे सगळे उघड्यावर होते.

मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. आष्टी-पाथर्डीकडून दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडीला निघणारी बिऱ्हाडे ज्याने पाहिली आहेत, त्याला मुकादम, उचल, कोपी आणि कोपीसमोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभी असलेली पोर, सगळे ओळखीचे आहे. आपल्याकडच्या साखरशाळा आणि डेलावेअरमधली ती पाळणाघरे एकाच गरजेतून जन्माला आली. म्हणूनच या परक्या संस्थेचा इतिहास मला परका वाटत नाही.

पाळणाघरांमागे कौन्सिल ऑफ विमेन फॉर होम मिशन्स ही संस्था होती. वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या महिला मंडळांनी १९०८ मध्ये एकत्र येऊन ती स्थापन केली होती. एकत्र येण्यामागे उदारपणा होता, तशी व्यवहाराची निकडही होती. स्थायिक माणसाचे चर्च ठरलेले असते, त्याच्या जन्ममृत्यूची नोंद कुठल्या तरी वहीत होते. हंगामी मजूर कुठल्याच वहीत नसतो. जूनमध्ये तो एका गावात, ऑगस्टमध्ये दुसऱ्या, आणि पीक निघाले की गावाला तो नकोसा होतो. अशा माणसामागे जायचे तर एका पंथाची, एका गावाची, एका धर्मगुरूची व्यवस्था पुरी पडत नाही. या महिलांनी हे फार लवकर ओळखले, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या कामाचा पाया त्या ओळखीत आहे. चर्चने एका जागी बसून माणसे येण्याची वाट पाहायची नाही, हंगामामागून चालायचे, हे त्यांनी ठरवले.

पाळणाघरांत अंघोळ, दूध, दुपारची झोप, शिवणकाम, थोडे लिहिणे-वाचणे असे चाले. सुटीवर आलेल्या कॉलेजच्या मुली स्वयंसेविका म्हणून राबत. त्या काळच्या अशा कामात परदेशातून आलेल्यांना ‘अमेरिकी’ करून सोडण्याचा एक सूर असे, तो इथेही होताच. तरीही रानात जाऊन, त्याच उकाड्यात आणि त्याच डासांत दिवस काढून त्या मुलींनी जे पाहिले ते पुढे चर्चच्या सभांमध्ये, पत्रकांमध्ये उतरत गेले. संस्थेचे पहिले मोठे काम कोणते असे विचारले तर मी म्हणेन, साक्ष देणे. पानात वाढलेला वाटाणा कुणाच्या हातांनी आला हे चर्चमधल्या सुखवस्तू कुटुंबांना दरवर्षी, न कंटाळता सांगणारे दुसरे कुणी नव्हते.

१९२९ पासून या कामाची सूत्रे एडिथ लोरी यांच्याकडे आली आणि पुढची तीन दशके त्यांनी ते वाढवले. काम कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत पसरले. १९३० च्या दशकात मंदी आणि पाठोपाठ धुळीची वादळे आली. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा भागातली शेतकरी कुटुंबे जुनाट मोटारींवर संसार लादून पश्चिमेकडे निघाली. आता रानातल्या खोपटात पोलिश-इटालियन नव्हे, तर इंग्रजी बोलणारा, कालपर्यंत स्वतःची किंवा खंडाची जमीन कसणारा माणूस दिसू लागला, आणि देशाला अचानक मजुरांची काळजी वाटू लागली. याच माणसांवरची जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी १९३९ ची. त्याच्या एक वर्ष आधी, १९३८ मध्ये, लोरी यांनी एक पुस्तिका संपादित केली होती, ‘दे स्टार्व्ह दॅट वी मे ईट’. आपल्या पोटासाठी उपाशी राहणाऱ्या माणसांची ही हकिकत चर्चच्या अभ्यासगटांसाठी होती. कादंबरीचे भाग्य तिला लाभणार नव्हते. पण रविवारच्या वर्गातल्या शिक्षिका, पाद्र्यांच्या पत्नी, गावोगावच्या महिला मंडळांच्या सचिव असा जो वर्ग ती वाचत होता, त्याच्या भरवशावरच हे काम चालत होते.

याच वर्षांत शेतमजुरावर मोठा अन्याय झाला. १९३५ चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा आला. कामगारांना संघटना बांधण्याचा आणि मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क त्याने दिला, पण शेतमजूर आणि घरकामगार वगळून. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात पुन्हा तेच. १९३८ च्या किमान वेतन आणि कामाच्या तासांच्या कायद्यातही तेच. दक्षिणेकडच्या लोकप्रतिनिधींची मते मिळाल्याखेरीज हे कायदे होणार नव्हते, आणि तिथली शेती कृष्णवर्णीय मजुरांच्या स्वस्त श्रमावर उभी होती. म्हणजे वगळणे नजरचुकीने झालेले नव्हते. पाळणाघरे, फिरते दवाखाने, जुने कपडे, नाताळची खेळणी हे सारे चालू राहिले. पण ज्या माणसाला कायद्यानेच उंबऱ्याबाहेर ठेवले आहे त्याला कपडे पुरवून तो आत येत नाही. संस्थेला हे उमगायला आणखी वीस वर्षे लागली. उशीर झाला हे खरेच, तरी त्या काळात बहुतेकांना ते उमगलेलेच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने रानातली माणसे पुन्हा बदलली. १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार होऊन ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली आणि ती १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. मिचोआकान, हालिस्को, ग्वानाहुआतो अशा प्रांतांच्या खेड्यांतले पुरुष एकटे येत, लष्करी बराकीसारख्या छावण्यांत राहत, सीमेवर त्यांच्या अंगावर कीटकनाशकाची भुकटी फवारली जाई, आणि करार संपला की त्यांना परत पाठवत. कुटुंबे नव्हती, तेव्हा अशा छावणीत पाळणाघराचा उपयोग नव्हता. माणसे कॅथलिक आणि स्पॅनिश बोलणारी, मदतीला जाणारे प्रॉटेस्टंट आणि इंग्रजी बोलणारे. मिनिस्ट्रीच्या ‘हार्वेस्टर’ नावाच्या मोटारी या काळात छावण्या-छावण्यांतून फिरत. मागच्या भागात पुस्तके, खेळांचे साहित्य, सिनेमाचे यंत्र, छोटा ऑर्गन. १९५० मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस स्थापन झाल्यावर हे काम तिच्या छत्राखाली आले आणि मायग्रंट मिनिस्ट्री हे नाव देशभर रूढ झाले. १९६० च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीवर पत्रकार एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला गेला. मिनिस्ट्री चाळीस वर्षे जे सांगत होती ते त्या एका संध्याकाळी देशाने आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिले.

संस्थेच्या इतिहासातले निर्णायक वळण मात्र टेलिव्हिजनमुळे आले नाही. ते कॅलिफोर्नियात, अगदी छोट्या खोल्यांमधून आले.

तिथल्या शाखेत, म्हणजे कॅलिफोर्निया मायग्रंट मिनिस्ट्रीत, १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण कार्यकर्ते अस्वस्थ होते. त्यांची नजर कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन या मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या संघटनेकडे गेली. फ्रेड रॉस या संघटकाने तिथे एक साधी पद्धत रुजवली होती. कुणाच्या तरी घरी सात-आठ शेजाऱ्यांना बोलवायचे, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, त्यांतूनच पुढच्या बैठकीचा यजमान शोधायचा. व्यासपीठ नाही, भाषण नाही. रॉस यांच्या हाताखाली तयार झालेला, एकेकाळी स्वतः मजुरी केलेला एक माणूस तेव्हा ही संघटना चालवत होता, सेसार चावेझ. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधून आलेले प्रेस्बिटेरियन पाद्री वेन ‘ख्रिस’ हार्टमायर कॅलिफोर्निया मिनिस्ट्रीचे संचालक झाले आणि त्यांनी आपली माणसे चावेझ यांच्याकडे शिकायला पाठवायला सुरुवात केली. धर्मगुरूंनी मजुराकडे शिकायला जायचे, हा उलटा प्रवाह होता. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटत असते. हार्टमायर यांना उलट वाटले, आणि या संस्थेच्या शंभर वर्षांत मला सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

शेतमजुरांची संघटना हाती घ्यायला कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन तयार नाही असे दिसल्यावर १९६२ मध्ये चावेझ यांनी राजीनामा दिला आणि ते बायको-मुलांसह डिलेनो या द्राक्षांच्या गावी राहायला गेले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला फ्रेस्नोला नॅशनल फार्म वर्कर्स असोसिएशनची पहिली परिषद झाली. महिन्याची वर्गणी ठरली साडेतीन डॉलर. मजुराला ती जड होती, पण चावेझ यांचा आग्रह होता की संघटना मजुराच्याच पैशावर उभी राहिली पाहिजे. जिम ड्रेक हे मिनिस्ट्रीचे तरुण पाद्री त्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर भोवतालच्या गावागावांतून गाडी हाकत फिरले. पगार चर्चचा, काम संघटनेचे, आणि धर्मांतराचा विषय कधीच नाही. चावेझ स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. पुढे १९६८ मधल्या एका लेखात त्यांनी लिहिले आहे की हे प्रॉटेस्टंट लोक काहीही न मागता आपल्यात येऊन राबताना पाहून, मग आमचे स्वतःचे चर्च कुठे आहे, असा प्रश्न मजुरांना पडू लागला.

१९६५ च्या उन्हाळ्यात टुलेअरी काउंटीच्या लिनेल आणि वुडव्हिल या मजूर वसाहतींत भाडेवाढ झाली. १९३० च्या दशकातली पत्र्याची खोकडी, उन्हात भट्टीसारखी तापणारी, आणि त्यांचेच भाडे वाढवलेले. संघटनेचे गिल्बर्ट पाडिया आणि ड्रेक यांनी मिळून भाडेबंदीचा लढा उभा केला. मिनिस्ट्रीचा माणूस तिथे मजुरांच्या वतीने अर्ज घेऊन कचेरीत गेला नाही. मजूरच मोर्च्याने गेले, तो त्यांच्यात चालला. हा फरक कागदावर छोटा दिसतो. लाभार्थ्याची यादी ठेवणाऱ्या संस्थेला तो ओलांडायला किती कठीण जातो हे सामाजिक काम केलेल्या कुणालाही विचारावे.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला डिलेनोत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. लॅरी इटलिआँग त्यांचे नेते. तारुण्यात आलेली, बहुतेक अविवाहित राहिलेली आणि आता वय झालेली ही माणसे होती. मागणी होती तासाला १.४० डॉलर आणि पेटीमागे २५ सेंट. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, चावेझ यांच्या संघटनेने ग्वादालूपे मातेच्या चर्चच्या सभागृहात बैठक भरवली आणि संपात उतरण्याचा निर्णय घेतला. द्राक्षबागा म्हटल्या की नाशिक आणि तासगाव आठवते, आणि इथे तर नाते झाडाच्याच पातळीवर आहे. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेली थॉम्पसन सीडलेस या जातीला हे नाव कॅलिफोर्नियात मिळाले, आणि आपली तास-ए-गणेश तिच्याच वेलीतून निवडलेली. छाटणी, विरळणी, घड हलक्या हाताने पेटीत बसवणे, कुठल्याही मुलखात द्राक्षाला माणसाचा हात लागतोच. त्या हाताने काम थांबवले की बागायतदाराची एका आठवड्यात तारांबळ उडते, हे संपवाल्यांना चांगले माहीत होते.

मिनिस्ट्रीच्या कसोटीची वेळ आता आली. डेव्हिड हेव्हन्स या तिच्या पाद्र्याला शेताच्या कडेला उभे राहून संपफोड्यांवरचा जॅक लंडनच्या नावावर प्रसिद्ध असलेला मजकूर मोठ्याने वाचल्याबद्दल अटक झाली. कर्न काउंटीच्या शेरीफने ‘वेल्गा’, म्हणजे संप, हा शब्द ओरडायलाच बंदी केली. १९ ऑक्टोबरला ४४ जण मुद्दाम रांगेने उभे राहून तोच शब्द ओरडले आणि तुरुंगात गेले. चावेझ यांच्या पत्नी हेलन त्यांत होत्या, हार्टमायर यांच्यासह काही धर्मगुरूही होते. त्याच दिवशी चावेझ बर्कलेच्या विद्यापीठात भाषण करत होते. अटकेची बातमी त्यांनी तिथे सांगितली आणि विद्यार्थ्यांनी आपल्या जेवणाचे पैसे संपाला दिले.

गावातली चर्चेस मात्र संतापली होती. डिलेनोच्या धर्मगुरूंच्या संघटनेने मिनिस्ट्रीच्या या भूमिकेला उघड विरोध केला. त्यांची अडचण खरी होती, ती हसण्यावारी नेऊ नये. बागायतदार आणि त्यांच्याशी धंद्याने बांधलेली माणसे त्यांच्याच बाकांवर रविवारी बसत, चर्चचे छप्पर त्यांच्याच वर्गणीतून शाकारले जाई. शिवाय डिलेनोचे बरेच बागायतदार स्वतः क्रोएशियातून आणि इटलीतून रिकाम्या हाताने आलेल्यांपैकी किंवा त्यांची मुले होती. सर्वांत मोठ्या बागांचे मालक जिउमारा मूळचे सिसिलीचे. आम्ही कष्टाने वर आलो, यांनी का येऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यात ढोंग नव्हते. कॅलिफोर्नियातल्या अनेक मंडळ्यांनी मिनिस्ट्रीचे पैसे तोडले किंवा तोडण्याची धमकी दिली. चाळीस वर्षे पाळणाघरांना हसतमुखाने मदत करणारे लोक आता विचारत होते, मुलांना दूध पाजणे सोडून तुम्ही संपात काय करता? हार्टमायर यांनी राज्यभर फिरून, सभांमागून सभा घेऊन याचे उत्तर दिले. मजुराने स्वतःसाठी जो मार्ग निवडला आहे त्यात त्याची चाकरी करणे हेच चर्चचे काम, ही त्यांची भूमिका होती. सेवकाने धन्याला मार्ग दाखवायचा नसतो, आणि इथे धनी मजूर आहे, असे ते मानत. वरच्या पातळीवर नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस मिनिस्ट्रीच्या पाठीशी उभी राहिली म्हणून संस्था टिकली.

पुढचा इतिहास जगाला माहीत आहे. १९६६ च्या मार्च-एप्रिलमध्ये डिलेनो ते सॅक्रामेंटो अशी सुमारे ३०० मैलांची पदयात्रा निघाली, ग्वादालूपे मातेची पताका पुढे घेऊन, आणि ईस्टरच्या दिवशी पोचली. ती पोचण्याआधीच शेन्ली या मद्य कंपनीने संघटनेला मान्यता दिली होती. त्या कंपनीच्या मालावरच्या बहिष्काराची पहिली जुळवाजुळव ड्रेक यांनी केली होती. त्याच वर्षी फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांच्या संघटना एक झाल्या. नंतर सर्व कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांवर बहिष्कार पुकारला गेला आणि मिनिस्ट्रीचे जाळे इथे उपयोगी पडले. बोस्टन, शिकागो, टोरंटोत पोचणाऱ्या संपकरी कुटुंबांना राहायला जागा, जेवण, फोन चर्चशी जोडलेल्या माणसांनी दिले. रानातल्या मुलांना सांभाळायला जाणाऱ्या महिलांच्या ज्या मंडळांनी हे काम सुरू केले, तशाच मंडळांतल्या बायका आता दुकानासमोर उभ्या राहून द्राक्षे घेऊ नका असे सांगत होत्या.

१९६८ च्या फेब्रुवारीत संपकऱ्यांच्या एका गटात हिंसेची भाषा वाढू लागली तेव्हा चावेझ यांनी उपोषण आरंभले. त्यांनी गांधीजींचे चरित्र वाचले होते आणि बोलताना ते गांधीजींचाच आधार घेत. येरवड्याचे उपोषण ज्या महाराष्ट्राने जवळून पाहिले त्याला या पंचवीस दिवसांचा ताण कळू शकेल. संघटनेतल्याच काहींना हे धार्मिक खूळ वाटले आणि ते सोडून गेले. मजूर मात्र रोज रात्री उपोषणाच्या जागी होणाऱ्या प्रार्थनेला येत राहिले. १० मार्चला डिलेनोच्या सार्वजनिक उद्यानात, हजारोंच्या साक्षीने, सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या शेजारी बसून त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला. बोलायला अंगात त्राण नव्हते, म्हणून त्यांचे निवेदन जिम ड्रेक यांनी वाचून दाखवले. गांधीमार्गाने उपोषण केलेल्या कॅथलिक मजुराचे शब्द प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या तोंडून, अमेरिकेच्या एका धुळकट शेतगावात ऐकले गेले. धर्माधर्मांतल्या संवादाच्या कितीही परिषदा याच्या तोडीच्या होणार नाहीत असे मला मनापासून वाटते.

२९ जुलै १९७० ला डिलेनोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, मायग्रंट मिनिस्ट्रीची पुनर्रचना होऊन नॅशनल फार्म वर्कर मिनिस्ट्री हे नाव आले आणि हार्टमायर तिचे संचालक झाले. १९७३ मध्ये करारांची मुदत संपताच बागायतदारांनी दुसऱ्या एका संघटनेशी परस्पर करार केले आणि रानात रक्त सांडले. त्या ऑगस्टमध्ये दोन संपकरी मारले गेले, येमेनमधून आलेला तरुण मजूर नागी दैफल्ला आणि साठीचा हुआन दे ला क्रूझ. फ्रेस्नोत अटक झालेल्यांत धर्मगुरू, नन आणि पंचाहत्तरीच्या कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे होत्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांच्या संघटनांना मान्यता देणारा कायदा केला. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आखूड दांड्याचे खुरपे रानातून गेले. दोन फुटांच्या त्या अवजाराने दिवसभर कमरेत वाकून लेट्यूस विरळताना हजारो पाठी कायमच्या निकामी झाल्या होत्या. मुकादमाला ते आवडायचे, कारण उभा राहिलेला मजूर काम थांबवलेला मजूर असतो आणि तो लांबूनही दिसतो.

इथे थांबले तर ही विजयाची कथा होईल. पण चाकरीच्या त्या भूमिकेत एक पेच होता आणि तो सत्तरच्या दशकात उघडा पडला. १९७४ मध्ये संपफोडे म्हणून आणल्या जाणाऱ्या, कागदपत्रे नसलेल्या मेक्सिकन मजुरांविरुद्ध चावेझ यांच्या संघटनेने मोहीम चालवली. १९७७ मध्ये चावेझ हुकूमशहा मार्कोस यांच्या फिलिपिन्सचा पाहुणचार घेऊन आले आणि चर्चमधले अनेक मित्र दुखावले. संघटनेच्या आत संशय आणि हकालपट्ट्या सुरू झाल्या. मजूर हाच धनी असे म्हटल्यावर धनी चुकला तर सेवकाने काय करायचे? आणि धनी म्हणजे मजूर, की मजुरांचा नेता? कागद नसलेला माणूस हाही खेड्यातून आलेला मजूरच होता, किंबहुना १९२० च्या पाळणाघरातल्या मुलांचा खरा वारस तोच होता. निष्ठा हा मोठा गुण आहे, पण ती एकाच संघटनेला वाहिली की जे त्या संघटनेच्या बाहेर आहेत त्यांच्याकडे पाठ होते, हे या काळाकडे पाहताना नोंदवलेच पाहिजे. १९८१ मध्ये हार्टमायर संचालकपदावरून बाजूला झाले.

पुढे संस्थेने हात पसरले. ओहायोत बाल्डेमार व्हेलास्केझ यांनी उभारलेल्या फार्म लेबर ऑर्गनायझिंग कमिटीने टोमॅटो-काकडीच्या मजुरांसाठी कॅम्पबेल या सूप कंपनीविरुद्ध १९७९ पासून बहिष्कार चालवला होता. मजुराला कामावर ठेवणारा शेतकरी लहान, भाव ठरवणारी कंपनी मोठी, आणि कंपनी म्हणणार, मजूर आमचे नाहीतच. ऊसतोडणीतला कारखाना हीच भाषा बोलतो. १९८६ मध्ये कंपनी, शेतकरी आणि मजूर असा तिहेरी करार झाला. त्याच्या देखरेखीसाठी माजी श्रममंत्री जॉन डनलप यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचा पुढाकार होता. मला हा करार द्राक्षांच्या विजयाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण माल ज्याच्या नावाने विकला जातो त्याला टेबलाशी आणून बसवण्याची वाट त्याने दाखवली. तीच वाट धरून फ्लोरिडातल्या इमोकाली गावच्या टोमॅटो मजुरांनी २००१ मध्ये टॅको बेल या खाद्यसाखळीवर बहिष्कार पुकारला आणि २००५ मध्ये पौंडामागे एक सेंट जादा मिळवला. मेक्सिको, ग्वातेमाला, हैती अशा देशांच्या खेड्यांतून आलेले हे मजूर, त्यांच्या सभा तीन-चार भाषांत चालत. मिनिस्ट्रीची माणसे या लढ्यातही त्यांच्यासोबत होती.

२००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लोणच्याच्या काकड्यांवरून पाच वर्षे चाललेला माउंट ऑलिव्ह कंपनीवरचा बहिष्कार करारात संपला. त्यात आठ हजारांच्या आसपास हंगामी परवान्यावरचे मजूर आले. एच-टू-ए नावाचा हा परवाना म्हणजे ब्रासेरो योजनेचा धाकटा भाऊ. मजूर एकाच मालकाशी बांधलेला, मालक सोडला की देश सोडायचा. गावात दलालाला पैसे द्यायला काढलेले कर्ज डोक्यावर असल्याने तो सहसा तक्रार करत नाही. २०२२ पासून अशा साडेतीन लाखांहून अधिक जागा दरवर्षी मंजूर होत आहेत. राज्याराज्यांत थोडे बदलते आहे. न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२० पासून शेतमजुरांना संघटनेचा हक्क मिळाला, कॅलिफोर्नियात जादा तासांचा मोबदला टप्प्याटप्प्याने इतर कामगारांच्या बरोबरीला आला. देशाच्या पातळीवर मात्र १९३५ च्या कायद्यातून शेतमजुराला वगळणारे कलम अजून जागच्या जागी आहे.

संस्थेचे काम अलीकडे नॉर्थ कॅरोलायनाच्या तंबाखूच्या रानांभोवतीही चालत आले आहे. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून शरीरात भिनते आणि मजूर रात्रभर ओकत राहतो. २००७ पासून व्हेलास्केझ यांची संघटना रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीकडे एकच मागणी करत आली आहे की तंबाखू पिकवणाऱ्या मजुरांना निर्भयपणे संघटित होता येईल अशी लेखी हमी द्या. मिनिस्ट्रीचे लोक मजुरांबरोबर विन्स्टन-सेलम इथल्या भागधारकांच्या सभेत जाऊन तो प्रश्न विचारत. २०१७ मध्ये कंपनी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या लंडनच्या कंपनीच्या मालकीची झाली, आणि मजुरांचा प्रश्नही लंडनच्या सभेपर्यंत जाऊ लागला.